वेग टाचेपाशी, गोष्ट हनुवटीपाशी

चाळीसच्या स्पीडने चाललेली गाडी पडद्यावर दोनशेने सुटल्यासारखी दाखवायची आहे? एक्सलेटरला हात लावू नका. कॅमेरा हेल्मेटवरून काढा आणि लेगगार्डवर लावा. झालं काम!

यात जादू नाही, शाळेतलं त्रैराशिक आहे. आपला डोळा वेग किलोमीटरमध्ये मोजत नाही. रस्ता डोळ्यासमोरून किती झपाट्याने सरकतो, त्यावरून तो वेगाचा अंदाज बांधतो. रस्ता जितका जवळ, तितका तो झपाट्याने सरकतो. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतात. कॅमेरा तीस सेंटिमीटरवर आणला की अंतर पाच पटींनी घटतं आणि भिंगाखालचा रस्ता पाच पटींनी जोरात धावताना दिसतो. चाळीस गुणिले पाच, दोनशे.

वरंधा घाटातला माझा असाच एक तुकडा आहे. लेगगार्डवर कॅमेरा, ओला रस्ता, कडेचं गवत सपासप मागे पडतंय. तो पाहून पुतण्या म्हणाला, “काका, काय पळवलीयस! किती होता स्पीड?” मी सांगितलं, “पस्तीस.” त्याचा विश्वास बसेना, मग पुढच्या रविवारी त्याला मागे बसवून त्याच वळणावर नेलं. थरारक चित्रणासाठी घाटात गाडी दामटणारी पोरं दिसली की मला थांबवून हेच सांगावंसं वाटतं. थरार कॅमेऱ्याच्या उंचीत आहे रे बाबांनो, त्यासाठी जीव पणाला लावायची गरज नाही.

ही युक्ती जुनी आहे. फ्रेंच दिग्दर्शक क्लोद लेलूश यांनी १९७६ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर पहाटे आठ मिनिटांची एक फिल्म केली. नाव ‘सेते अँ राँदेव्हू’. एकच शॉट, मध्ये कुठे कट नाही आणि रस्ता अंगावर येतोय असा वेग. अनेकांना वाटलं, ही फेरारीच. प्रत्यक्षात ती लेलूश यांची स्वतःची मर्सिडीज होती, कॅमेरा तिच्या पुढच्या बंपरवर होता आणि फेरारीचा आवाज नंतर चढवलेला होता. त्यांनी सिग्नल तोडले, तो भाग मुळीच गिरवायचा नाही. गिरवायची ती कॅमेऱ्याची जागा.

डोंगर थरथरतात तेव्हा

नवा कॅमेरा हातात आला की पहिला नंबर हँडलचा लागतो. समोर आहे, हाताशी आहे, बटण दाबायला सोपं. ताम्हिणीत मीही तिथेच लावला होता. घरी येऊन पाहतो तर मुळशीचं पाणी, डोंगर, झाडं, सगळं साच्यातून नुकत्याच काढलेल्या जेलीसारखं डुलत होतं.

हे कशाने होतं, ते कळलं की पुन्हा तशी चूक होत नाही. ॲक्शन कॅमेऱ्याचा किंवा फोनचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत तो चित्र वाचत जातो. तेवढ्यात कॅमेरा हलला तर वरची ओळ एका जागी आणि खालची सरकलेली. सरळ खांब वाकडा दिसतो. आता एका सिलिंडरची साडेतीनशे सीसीची गाडी घ्या. तीन हजार आरपीएमला तिचं इंजिन सेकंदाला पन्नास फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला पन्नास हिसके. कॅमेरा त्याच सेकंदात तीस चित्रं घेतोय. मग प्रत्येक चित्रात एक-दोन हिसके आलेच.

हँडलची अडचण आणखी एक. ते लांब, पोकळ आणि टोकांना मोकळं असतं, त्यामुळे इंजिनची थरथर तिथे चांगलीच जाणवते. हँडलच्या टोकांना जड वजनं बसवलेली असतात, ती थरथर दाबण्यासाठीच!

फोन हँडलला अडकवणाऱ्यांनी तर अधिक जपावं. सप्टेंबर २०२१ मध्ये खुद्द ॲपलने सूचना काढली, की ताकदवान मोटरसायकलच्या इंजिनची जोरदार थरथर हँडल आणि चासीमधून आयफोनपर्यंत पोचली, तर त्याच्या कॅमेऱ्याचं काम बिघडू शकतं. अशा फोनमध्ये हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून भिंग चुंबकांच्या आधाराने सूक्ष्म हालत असतं. महिनोन् महिने हिसके खाल्ले की हीच नाजूक यंत्रणा दगा देते. स्कूटर किंवा मोपेडवर लावायचा असेल तरी थरथर शोषणारा होल्डर घ्या, असं त्या सूचनेत आहे. बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांचं भिंग मात्र जागच्या जागी पक्कं असतं. चित्र स्थिर करायचं काम ते गणिताने करतात, म्हणून त्यांना ही भीती बरीच कमी.

गाडीवरची शांत जागा शोधायला यंत्र लागत नाही. गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिन सुरू करा, प्लास्टिकच्या पेल्यात अर्धा पेला पाणी घ्या आणि तो टाकीवर, सीटवर, मागच्या कॅरियरवर टेकवून बघा. हळूहळू रेस द्या. पाण्यावर जिथे सर्वांत कमी लहरी उठतील, ती जागा कॅमेऱ्याची. दुसरी खूण आरशाची. ज्या स्पीडला आरशातली मागची गाडी धूसर दिसायला लागते, त्या स्पीडला हँडलवरचं चित्रणही धूसरच येणार.

माणूस नावाचा शॉकअप

गाडीवर थरथर सर्वांत चांगली कोण गिळतं? शॉकअप नाही, सीटचा फोम नाही. तुम्ही स्वतः!

खड्ड्याचा दणका चाकातून शॉकअपमध्ये, तिथून सीटमध्ये, मग मांड्या, कंबर, पाठीचा कणा, खांदे, मान असा प्रवास करत डोक्यापर्यंत येतो. वाटेत प्रत्येक सांधा आणि स्नायू त्यातला थोडा थोडा खाऊन टाकतो. फुटरेस्टवर जरा उभं राहून खड्डा पार करणारा माणूस पाहा. पाय गुडघ्यांत वाकतात, गाडी खालीवर होते आणि डोकं जवळजवळ एका रेषेत तरंगत पुढे जातं. म्हणून हेल्मेटवरचं चित्रण हँडलवरच्यापेक्षा कितीतरी मऊ येतं.

त्यात आपल्या डोळ्यांना निसर्गाने दिलेली सोय कॅमेऱ्याकडे नसते. डोकं डावीकडे हललं की डोळे तितकेच उजवीकडे फिरतात, तेही सुमारे शतांश सेकंदात. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा थेट डोळ्यांच्या स्नायूंना हुकूम देते, मेंदूला विचार करत बसायची गरज पडत नाही. म्हणूनच खडबडीत रस्त्यावरही तुम्हाला पाटी वाचता येते आणि कॅमेऱ्याला येत नाही. आजच्या कॅमेऱ्यातला जायरो हेच काम करायला बघतो. हालचाल मोजतो, चित्राच्या कडा थोड्या कापतो आणि उरलेली चौकट उलट दिशेला सरकवतो.

हेल्मेटवर म्हणजे नेमकं कुठे? माझं उत्तर ठाम आहे: हनुवटीवर. डोक्यावर उभा केलेला कॅमेरा रस्त्याकडे उंटावरून बघितल्यासारखा बघतो, वारा खातो आणि मानेपासून सर्वांत लांब असल्याने मान ओढतो. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, चाळीसचे ऐंशी झाले की रेटा चौपट. कानाच्या बाजूला लावला तर एका अंगाचं जग दिसतं आणि सवय नसली की मान वाकडी झाल्यासारखं वाटतं. हनुवटीवर भिंग डोळ्यांच्या थोडंच खाली येतं. चौकटीत हातमोजे, हँडल, मीटर आणि रस्ता हे सगळं एकदम दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच चालवतोय.

घाटात हनुवटीचा खरा फायदा वळणावर कळतो. गाडीला बांधलेला कॅमेरा गाडीचं तोंड असेल तिकडे बघतो. आंबेनळीच्या यू-वळणावर गाडीचं तोंड कठड्याकडे किंवा डोंगराच्या भिंतीकडे असतं, त्यामुळे चित्रात कठडा आणि भिंत, एवढंच. चालवणारा मात्र मान वळवून वळण जिथे सुटतं तिकडे बघत असतो, किंवा निदान बघायला हवं. हनुवटीवरचा कॅमेरा त्याच्यासोबत तिकडे वळतो आणि वळणापलीकडची दरी, ढग, चढून येणारी एसटी सगळं उलगडत जातं. नवशिक्याने आपलं असं चित्रण जरूर बघावं. नजर पुढच्या चाकासमोरच अडकून पडते का, ते लगेच कळतं.

हेल्मेट आधी, कॅमेरा नंतर

हेल्मेटचं बाहेरचं कवच गुळगुळीत ठेवतात त्याला कारण आहे. पडल्यावर डोकं रस्त्यावरून घसरत जावं, कुठे अडकू नये. अडकलं की मान पिरगळते. युरोपच्या ईसीई २२ मानकात तर हेल्मेटवरच्या उंचवट्यांची वेगळी चाचणी होते. केरळच्या मोटर वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावायला मनाई केली, ती याच काळजीतून. तेव्हा दुसऱ्या राज्यात राइडला निघताना तिथला नियम विचारून घ्या.

मी स्वतः दोन गोष्टी पाळतो. जोराचा धक्का बसला की सुटून येईल असाच होल्डर वापरतो, आणि हेल्मेटला भोक कधीही पाडत नाही. चिकटवायची जागा पुसायला थिनर किंवा पेट्रोलही नको. अशा द्रवांनी प्लास्टिकचं कवच आणि आतला थर्माकोलसारखा थर कमजोर होऊ शकतो, आणि वरून काहीच दिसत नाही. छोट्या कॅमेऱ्याचं वजन साधारण दीडशे ग्रॅम. पस्तीस ग्रॅमचेही आता मिळतात. हनुवटीसाठी हलका तोच चांगला.

हेल्मेटवर नकोच असेल तर छातीचा पट्टा आहे. बुलेटसारख्या ताठ बसायच्या गाडीवर तो छान दिसतो, हातांची सगळी कामं टिपतो. पुढे वाकून चालवायच्या गाडीवर मात्र तासभर टाकीच बघावी लागते.

आधी पट्टा, मग कॅमेरा

चालत्या वाहनाला कॅमेरा बांधायची हौस सिनेमाइतकीच जुनी आहे. १८९७ मध्ये अमेरिकेत हॅवरस्ट्रॉ बोगद्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या पुढून एक छोटी फिल्म घेतली गेली. प्रेक्षकांना इंजिन दिसत नाही, फक्त रूळ आणि अंगावर येणारा बोगदा. न दिसणारी कुठली तरी शक्ती आपल्याला ओढून नेतेय असं वाटे, म्हणून अशा फिल्म्सना ‘फँटम राइड’ म्हणत. आजचं घाटातलं चित्रण त्यांचंच पणतवंड.

मोटरसायकलवरची गाजलेली डॉक्युमेंटरी म्हणजे ब्रूस ब्राउन यांची ‘ऑन एनी संडे’, १९७१ ची. हॉलिवूड अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन तिच्यात आहेत. तिच्यासाठी हेल्मेटवर कॅमेरे चढवले होते, तेही त्या काळातले अवजड. संथ गतीची दृश्यं हवी होती आणि पैसा बेताचा, तेव्हा ब्राउन यांनी बारा व्होल्टच्या कॅमेऱ्यांना चोवीस व्होल्टच्या बॅटऱ्या जोडल्या. मोटर दुप्पट जोमाने फिरली, फिल्म झरझर धावली आणि पडद्यावर धूळ अलगद तरंगायला लागली!

आणि गोप्रो? निक वुडमन यांनी २००२ मध्ये कंपनी काढली, ती सर्फिंग करताना कॅमेरा मनगटाला बांधता यावा या ध्यासातून. सुरुवात पट्ट्याने झाली. पट्ट्याला साजेसा दणकट कॅमेरा सापडेना, म्हणून कॅमेराही स्वतःच करायचं ठरलं. २००४ चा पहिला ‘हीरो’ ३५ मिलिमीटर फिल्मचा होता आणि मनगटावर बसायचा. म्हणजे कुठे बांधायचा हा प्रश्न आधी सुटला, कॅमेरा नंतर आला. मला हा क्रम फार आवडतो.

चिकटतं कसं, निसटतं का

होल्डरखालची ती फोमसारखी दुहेरी चिकटपट्टी साधीसुधी नसते. थ्रीएम कंपनीने असा व्हीएचबी टेप १९८० मध्ये आणला. पण त्याला वेळ लागतो. दाबून वीस मिनिटं झाली की पकड निम्म्यावर येते, चोवीस तासांनी नव्वद टक्क्यांवर आणि पूर्ण ताकदीला लागतात बहात्तर तास. शनिवारी रात्री चिकटवून रविवारी पहाटे निघणारे घाटात कॅमेरा शोधत फिरतात, ते यामुळेच. बुधवारी रात्री चिकटवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन आधी जागा पुसा, आणि पावसाळी दमट हवेत ती पूर्ण कोरडी होऊ द्या.

सक्शन कपची गंमत याहून भारी. तो चिकटत नसतोच, बाहेरची हवा त्याला दाबून धरते. समुद्रसपाटीला हा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. आठ सेंटिमीटर रुंदीच्या कपवर कागदावर पन्नास किलोची पकड. महाबळेश्वरला पोचेपर्यंत त्यातली पंधरा टक्के जाते. लडाखमध्ये ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब निम्म्याच्या जवळ येतो आणि कपची पकडही तेवढीच उरते. दादरला टाकीवर घट्ट बसलेला कप लेहच्या पुढे का सुटला, याचं उत्तर आकाशात आहे.

म्हणून दोरी. नायलॉनची बारीक दोरी कॅमेऱ्याच्या फ्रेममधून ओवून गाडीच्या पक्क्या भागाला बांधायची, चाकापर्यंत पोचणार नाही इतकी आखूड. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं, ब्रेकचा पाइप आणि केबल कुठे अडत नाही ना. चेन आणि चाकापासून सगळं लांब. नंबर प्लेट झाकली जाणार नाही हेही बघायचं. हे पाच मिनिटांचं काम मी एकदाही टाळत नाही.

चाक उलटं फिरतं

मागच्या चाकाच्या चिमट्यावर कॅमेरा लावला की एक मजा दिसते. पाच काड्यांचं अलॉय चाक घ्या, घेर सुमारे दोन मीटर. सेकंदाला तीस चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात ही गाडी साधारण त्रेचाळीसच्या स्पीडला आली की चाक चक्क थांबतं! दोन चित्रांच्या मधल्या वेळात प्रत्येक काडी बरोबर पुढच्या काडीच्या जागी येते. चाळीसला आणलीत तर तेच चाक सावकाश उलटं फिरायला लागतं. हा कोपरा एका दृश्यापुरताच ठेवा, कारण चिमटा शॉकअपच्या खालच्या अंगाला असतो आणि प्रत्येक खड्डा तिथे कच्चाच पोचतो. चौकटीत चाक निवांत दिसतं आणि सगळं जग उड्या मारतं.

उन्हाचंही गणित आहे. भर दुपारी कॅमेरा शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकं बारीक करतो. साठच्या स्पीडला तेवढ्या वेळात गाडी एक सेंटिमीटरही सरकत नाही. प्रत्येक खडी ठसठशीत दिसते आणि वेग मात्र मरतो. भिंगावर काळ्या चष्म्यासारखा एनडी फिल्टर चढवून शटर साठाव्या भागावर आणलं, की तेवढ्यात रस्ता अठ्ठावीस सेंटिमीटर सरकतो, त्याच्या रेघा ओढल्या जातात आणि गाडी धावायला लागते. बोगद्यात हा फिल्टर काढायचा आणि कॅमेऱ्याची सेटिंग ५० हर्ट्झवर ठेवायची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. सेटिंग ६० वर राहिली तर कशेडीच्या बोगद्यात चित्रावरून काळे पट्टे सरकताना दिसतील.

काठी कुठे गेली?

गाडीच्या पुढे हवेत तरंगत कोणीतरी चित्रण करतंय असे व्हिडिओ पाहून अनेकांना ड्रोन वाटतो. तो असतो ३६० अंशांचा कॅमेरा, गाडीला बांधलेल्या लांब काठीच्या टोकावर. त्याला पाठीला पाठ लावून दोन भिंगं असतात आणि दोन्ही १८० अंशांहून जास्त बघतात. दोन चित्रांचा सांधा जिथे जुळतो, त्या पातळ पट्टीत काठी बरोबर लपते. सावली मात्र लपत नाही. दुपारच्या उन्हात रस्त्याकडे बघा, काठी सापडेल.

पाऊस आणि आवाज

पावसात भिंगावर थेंब बसला की सगळं चित्रण त्याच्याभोवती फिरतं. सर्फिंगवाले यावर एक बिनखर्ची उपाय करतात: भिंगाच्या काचेला जीभ लावतात. लाळेमुळे पाण्याचे थेंब न बनता पातळ थर पसरतो आणि आरपार दिसतं. रस्त्यावरचा चिखल बघता मी त्याऐवजी पाणी झटकणारं द्रव्य आणि खिशातला सुती रुमाल वापरतो.

आवाजाची जागा वेगळी शोधावी लागते. कॅमेऱ्याच्या माइकवर वारा आदळला की फक्त घरघर उरते. बोलणं हवं तर बारीक माइक हेल्मेटच्या आत, गालाच्या गादीखाली, तोंडाजवळ. इंजिनचा ठेका हवा तर छोटा रेकॉर्डर मागच्या सीटच्या आडोशाला, फडक्यात गुंडाळून, जिथे वारा लागत नाही आणि सायलेन्सर ऐकू येतो.

आणि घाटमाथ्यावर थांबाल तेव्हा इंजिन बंद करा. हेल्मेट काढून डबल स्टँडवरच्या गाडीच्या सीटवर ठेवा, हनुवटी दरीकडे करून. कॅमेरा तसाच सुरू राहू द्या. तापलेलं इंजिन टिकटिक करत निवतं, ते थांबलं की धबधबा ऐकू यायला लागतो. ते अर्धं मिनिट मी कधीही कापत नाही.